प्राण वाचले, पुढे काय?



पक्षाघाताचा झटका आलेला शेतमजूर वेळेवर रुग्णालयात पोहोचतो. डॉक्टर शर्थ करतात, प्राण वाचतात. आठ-दहा दिवसांनी तो घरी परततो, तेव्हा उजवा हात मात्र लुळाच असतो. त्या कुटुंबाची खरी परीक्षा तेथून सुरू होते.

पैसा ज्या कामासाठी मिळतो, ते काम वाढते. ज्यासाठी मिळत नाही, ते मागे पडते. आरोग्यसेवाही याला अपवाद नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लाभले. या योजनांनी अनेक घरे कर्जाच्या खाईतून वाचविली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु दोन्हींचा पाया ‘पॅकेज’ हा आहे. रुग्ण दाखल झाला, ठरलेला उपचार झाला, देयक मंजूर झाले, की बहुतेक वेळा हिशेब संपतो. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच धरलेला आहे. लुळा हात १५ दिवसांत कामाला लागत नाही; त्यासाठी महिनोन्महिने फिजिओथेरपी लागते.

साहजिकच रुग्णालयांना शस्त्रक्रियागृह परवडते, फिजिओथेरपीचा कक्ष परवडत नाही. तो असलाच तर जिल्ह्याच्या गावी असतो. उपचाराचे शुल्क, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी या सर्वांचा भार घरावर पडतो आणि उपचार अर्ध्यावर सुटतात. याला रुग्णाची हेळसांड म्हणणे अन्यायाचे आहे.

दानाच्या पैशाचीही हीच गत होते. शिबिरात किती कृत्रिम पाय बसविले, हा आकडा अहवालात झळकतो. पण पाय झिजतो, खोबण सैल होते, लहान मूल वाढते. त्या दुरुस्तीला देणगीदार क्वचितच मिळतो.

यावर मार्गच नाही असे नव्हे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये चालणाऱ्या ‘निरामय’ विमा योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही धरलेली आहे. रक्कम मोठी नाही. पण दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारालाही विमा देता येतो, हे तिने दाखवून दिले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनावर पुनर्वसनाची जबाबदारी टाकली, परंतु ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाटही ठेवली. ती बुजवायची तर पॅकेजमध्येच पुनर्वसनाचा हप्ता हवा. रुग्ण पुन्हा कामावर किती टिकला, हे पाहून त्याचे देयक चुकते व्हावे. दात्यांनीही नव्या पायासोबत त्याच्या दुरुस्तीचा खर्च बाजूला काढून ठेवावा.

प्राण वाचविणे हे उपचाराचे पहिले पाऊल आहे. तो शेतमजूर पुन्हा हाती विळा धरील, तेव्हाच उपचार पूर्ण झाले असे म्हणता येईल.