गॅस भरण्याआधी गळती शोधा



आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या घरी आता कर्जाची चारचाकी आहे. कुणाची शाळेच्या फेऱ्या करते, कुणाची लग्नसराईत भाड्याने जाते. उन्हाळा लागला की एसी गार करत नाही. गॅरेजवाले म्हणतात, "गॅस संपला." हप्त्यासाठी ठेवलेले पैसे तिकडे जातात. मग बैठकीत प्रश्न येतो, गॅसचा डबा बाजारात मिळतो, तर घरीच भरला तर? आज आम्ही त्याविषयी बोलणार आहोत.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. बऱ्याच वर्षांत थोडासा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. फुटक्या माठात पाणी ओतून काय उपयोग?

कधी कधी गॅस पुरेसा असतो, दोष दुसराच असतो. तो घरी पाहता येतो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर असतो. तो धुळीने भरला की हवा कमी येते. गाडीच्या तोंडाशी कंडेन्सरची जाळी असते. इंजिन बंद आणि थंड असताना ती हलक्या धारेने धुवा. नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसला, तर गळती तिथे असू शकते, कारण गॅसबरोबर तेलही फिरते. बॉनेट उघडताना पदर, ओढणी आवरून घ्या.

गॅस मात्र घरी भरू नका. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. तो उणे २६ अंशांना उकळतो. हातावर किंवा डोळ्यात उडाला तर गारठ्याने इजा होते. नळी चुकून जास्त दाबाच्या बाजूला जोडली तर डबा फुटू शकतो. छोट्या गाडीला अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी गॅस लागतो. डब्याच्या काट्यावरून आत किती आहे ते नेमके कळत नाही. जास्त भरला तर कॉम्प्रेसर बिघडतो आणि तो खर्च मोठा. शिवाय हवेत सुटलेला एक किलो गॅस शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो.

म्हणून गॅरेजमध्ये गाडीजवळ उभ्या राहा आणि विचारा: दादा, गळती कुठे आहे ते दाखवा. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम किती वेळ लावणार? जुना गॅस मशीनमध्ये काढून घेणार की हवेत सोडणार? बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरणार ना? बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा "गॅस संपला" असे ऐकले, तर तेच बिल समोर ठेवता येईल.

गाडीचे आपल्याला काय कळते, असे म्हणून मागे राहू नका. हप्ता आपण भरतो, तर हिशोबही आपणच विचारायचा.