इवल्या पावलांचा ठसा

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त १२ मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी अहवालासाठी प्रसूती विभागाचा तक्ता माझ्या मेजावर येतो. एकूण प्रसूती, शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूती, कमी वजनाची बालके असे रकाने भरत भरत अखेरीस एक रकाना येतो, ‘मृतजन्म’. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बेरीज जुळली की पान उलटायचे, ही आमची सवय. पण या रकान्यातील प्रत्येक आकड्यामागे नऊ महिने वाट पाहून रिकाम्या ओटीने घरी परतलेली एक माता असते. तिच्यासाठी रुग्णालय काय करू शकते, एवढाच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे वीस लाख बालके मृतावस्थेत जन्मतात, म्हणजे दर १६ सेकंदांना एक. यातील सर्वाधिक संख्या आपल्या देशातील आहे. हे मृत्यू टाळण्यासाठी २०१४ पासून राष्ट्रीय नवजात शिशु कृती योजना अमलात आहे आणि वैद्यकीय उपाय हाच खरा मार्ग आहे, याविषयी दुमत नाही. तथापि जे मूल वाचू शकले नाही, त्याच्या मातेप्रती असलेले आपले कर्तव्य तेथे संपत नाही.

कायद्यापुरते पाहिले तर ते फार थोडे आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची माहिती नमुना क्रमांक ३ मध्ये निबंधकाकडे पाठवावी लागते. तो नमुना सरकारदप्तरी जातो. मातेच्या हाती मात्र उरतात ते डिस्चार्ज कार्ड आणि बिलाची पावती.

आपल्याकडील रीत आपण सर्वजण जाणतो. माता अजून गुंगीत असते, तोवर घरातील वडीलधारी माणसे बाळाला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून भूमिसमर्पणासाठी घेऊन जातात. “तिला दाखवू नका, जीव गुंतेल,” असे सासूबाई कळवळून सांगतात. त्यामागे निष्ठुरता नसते, माया असते. परंतु काही महिन्यांनी तीच माता तपासणीस येते तेव्हा हळूच विचारते, “सिस्टर, कसं दिसत होतं हो माझं बाळ?” या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर दाखविण्यासारखे आपल्यापाशी काहीच नसते.

येथे एक साधी गोष्ट निदर्शनास आणू इच्छितो. जिवंत जन्मलेल्या बालकाची ओळख पटावी, अदलाबदल होऊ नये, म्हणून अनेक रुग्णालयांत केसपेपरवर बाळाच्या पावलाचा ठसा घेतात. शाईचा पॅड प्रसूतिकक्षात असतोच. ज्या बाळाची दुसरी कोणतीही खूण मागे राहणार नाही, त्याच्याच पावलाचा ठसा मात्र कोणी घेत नाही, कारण त्याच्या ओळखीची दप्तराला गरज उरलेली नसते.

पाश्चात्त्य देशांत या बाबतीत बराच विचार झाला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात दिवंगत आप्तांच्या केसांची बट अंगठीत वा लॉकेटमध्ये जपून ठेवीत. अमेरिकेतील कोलोरॅडो येथे २००५ मध्ये ‘नाऊ आय ले मी डाऊन टू स्लीप’ ही संस्था स्थापन झाली. तिचे स्वयंसेवक छायाचित्रकार अशा बालकांची छायाचित्रे विनामूल्य काढून देतात. हातापायांचे ठसे घेऊन ते चांदीच्या पदकावर कोरून देणारे कारागीरही आता अनेक देशांत आहेत.

ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या देवघरात कुलदैवतांचे आणि पूर्वजांचे चांदीचे टाक असतात. गौरी घरात येतात त्या पावलांनी. बारशाला बाळाच्या पायात आपण चांदीचेच वाळे घालतो. गेलेल्याची खूण चांदीवर उमटवून जवळ बाळगणे हे आपल्या संस्कृतीला नवे नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. पाऊल कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने हलकेच पुसावे आणि टिपून कोरडे करावे. घासू नये, कारण अशा बालकांची त्वचा अतिशय नाजूक झालेली असते आणि वेळ जाईल तशी ती सुटू लागते. शाई अगदी पातळ लावावी. पाऊल कागदावर दाबण्याऐवजी पुठ्ठ्यावर लावलेला कागदच पावलापाशी न्यावा. किमान दोन स्वच्छ प्रती घ्याव्यात. त्वचेची स्थिती ठशाजोगी नसेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. पूर्ण दिवसांच्या बाळाचे पाऊल साधारण साडेसात सेंटिमीटरचे असते. स्कॅन केलेला ठसा लहान करून रुपयाएवढ्या पदकावर लेसरने अथवा हाताने कोरता येतो आणि टाचेची गोलाई व पाचही बोटे त्यात स्पष्ट उमटतात.

परंतु उत्साहाच्या भरात सक्ती होऊ नये. १९९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, बाळाची कोणतीही आठवण जवळ नसलेल्या मातांना पुढे अधिक त्रास झाल्याचे आढळले. उलट २००२ साली ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासात मृत बालकाला जवळ घेतलेल्या मातांमध्येच नैराश्याची लक्षणे अधिक दिसली. दोन्ही वाचून मी इतकेच समजलो की निर्णय मातेचा असावा. आपण विचारावे, थांबावे आणि तिचे ‘नको’ तितक्याच आदराने स्वीकारावे.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने आपण काही नियम ठरविले आहेत. माता शुद्धीवर येऊन तिने होकार दिल्याखेरीज ठसा घेतला जाणार नाही, आणि तिला विचारल्याखेरीज बाळाला बाहेर नेऊ नये, अशी विनंती नातेवाइकांना नम्रपणे केली जाईल. ठसा घेतला पण आज घरी नेण्याचे धैर्य नाही, असे कोणी म्हटल्यास एक प्रत मोहोरबंद लिफाफ्यात अभिलेख विभागात राहील. ती केव्हाही मागता येईल. या सेवेचे शुल्क बिलात लागणार नाही. दागिना करणे न करणे सर्वस्वी कुटुंबाच्या इच्छेवर राहील. रुग्णालय कोणत्याही सराफाची शिफारस करणार नाही, कोणाची पत्रके विभागात ठेवू देणार नाही आणि कोणाकडून दलाली घेणार नाही. कुटुंबाने मूळ ठसा स्वतःजवळ ठेवून कारागिराला केवळ प्रत द्यावी आणि चांदीची शुद्धता व वजन लिहिलेली पावती घ्यावी, एवढाच सल्ला आपण देऊ. दुःखाच्या घडीला माणूस भाव करीत नाही. म्हणून त्या घडीला त्याच्यापुढे विक्रेता उभा राहता कामा नये, ही जबाबदारी धर्मादाय संस्थेची आहे.

ज्यांना दागिना परवडणार नाही, त्यांनी मन छोटे करू नये. चांदीची किंमत बाजार ठरवितो. ठशाचे मोल त्या कागदावरच पूर्ण झालेले असते. तो चौकटीत राहो, पोथीत राहो वा कपाटातील लुगड्याच्या घडीत.

भगिनींनो, या कामासाठी लागणारी शाई आणि कागद यांचा खर्च हिशेबात वेगळा दाखवावा इतकाही नाही. लागणार आहेत ती तुमची दहा मिनिटे आणि तुमचे हळुवार हात. भरलेल्या वॉर्डात, अपुऱ्या मनुष्यबळात ही दहा मिनिटे काढणे किती कठीण आहे, याची प्रशासनाला जाणीव आहे. म्हणूनच त्या वेळी संबंधित परिचारिकेचे अन्य काम दुसरीकडे सोपविण्याची सूचना मेट्रन बाईंना लेखी देण्यात आली आहे.

पुढील वर्षी तो तक्ता माझ्या मेजावर येईल तेव्हा अखेरच्या रकान्यातील आकडा घटलेला असो, ही ईश्वरचरणी प्रार्थना. आणि जो उरेल त्यातील एकही माता, तिची इच्छा असताना, रिकाम्या हाताने परत गेलेली नसो.