पितरांचे कर्ज आणि वारसांची मुक्ती

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या अध्यापकाने पितृदोषावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु पितृदोषाची भाषा ही मुळात सावकारीचीच भाषा आहे. ऋण, थकबाकी, वारस आणि फेड या चार शब्दांवर तिचा सारा डोलारा उभा आहे.

श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांना पिंड दिले जातात. जुन्या हिंदू कायद्यानेही बापाचे, आजोबाचे आणि पणजोबाचे कर्ज फेडणे हे वारसाचे धार्मिक कर्तव्य मानले होते. १८६६ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन ही जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती सीमित झाली. तरीही सावकारी पाश सुटला नाही. १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, ते कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यासाठी. अखेर २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, त्यापुढील कर्जांपुरता, केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे पुत्र, पौत्र किंवा प्रपौत्राकडून वसुली करण्याचा धनकोचा हक्क संपुष्टात आणला.

न्यायालयात संपलेली ही वसुली पत्रिकेच्या घरांतून मात्र चालूच आहे. मुलीचे लग्न जमत नाही, मुलाला नोकरी लागत नाही, धंद्यात खोट येते. निदान एकच, पूर्वज अतृप्त आहेत. मग त्र्यंबकेश्वरी तीन दिवसांचा नारायण-नागबळी. नारायणबळी दुर्मरण आलेल्यांच्या सद्गतीसाठी, तर नागबळी नागहत्येच्या पातकाच्या निरसनासाठी. या व्यवहारात ऋणको रोखा पाहत नाही, मुद्दल किती हे त्याला कळत नाही आणि फेड पूर्ण झाल्याची पावतीही मिळत नाही. गुण आला नाही तर दुसरा दोष निघतो. याज्ञवल्क्यस्मृतीने तर बापाने मद्यासाठी वा जुगारासाठी केलेले कर्ज पुत्रावर बंधनकारक मानले नाही. पितृदोषाचा सावकार स्मृतिकारांहूनही कठोर आहे. तो पणजोबाच्या पापाचीही वसुली करतो.

यातील सर्वांत क्रूर वसुली अपत्यहीन स्त्रीकडून होते. अशा वेळी याच पुण्यातील एका दांपत्याचे स्मरण करावे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांना पोटचे मूल नव्हते. त्यांनी यशवंताला दत्तक घेतले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि अग्नी दिला. त्यांचा वंश खुंटला, असे आज शाळेत जाणाऱ्या कोणत्या मुलीसमोर म्हणता येईल?

मृतांचे स्मरण करणे ही माणुसकी आहे. तिच्याशी आपले भांडण नाही. वडिलांच्या तिथीला कोणी पान वाढत असेल, तर त्याची टवाळी करणाऱ्या कार्यकर्त्याला त्या घरात पुन्हा प्रवेश मिळणार नाही, आणि मिळूही नये. आपले भांडण भीतीच्या वसुलीशी आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही शारीरिक वा आर्थिक बाधा न करणाऱ्या धार्मिक विधींना हात लावत नाही. म्हणून भय आणि स्मरण यांतील सीमारेषा घरोघरी समजावून देण्याचे काम कायद्याचे नसून आपले आहे.

बेकारीचे कारण रोजगाराच्या धोरणात आहे आणि शेतीतील तोट्याचे बाजारभावात. ते कारण मेलेल्या आजोबाच्या माथी मारले, की जिवंत सत्ताधाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे मागितले होते. आपणही तेवढेच मागू या: हे कर्ज कोणी, केव्हा आणि कोणाकडून घेतले, तो रोखा आधी दाखवा.