उन्हाळ्याचे टाइमटेबल

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



मी रुळांचा माणूस. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि रेल्वेत लागलो. नोकरीची नियमावली सोडली तर वीस वर्षांत पुस्तक म्हणून हातात धरले नव्हते. म्हणून कार्यवाहांनी ‘वाचन’ या विषयावर बोला म्हटले, तेव्हा मला हसूच आले. पण या उन्हाळ्यात आमच्या क्वार्टरमध्ये जे घडले, ते सांगण्यासारखे आहे.

मुलगी बारावी सायन्सची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि म्हणाली, “बाबा, मला इंजिनिअरिंग नको. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचंय.” आठ दिवस घरात अबोला. शेवटी मी म्हटले, “सुट्टीत वाचून दाखव, मग बघू.” खरे सांगायचे तर ती कंटाळेल, अशीच माझी अटकळ होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर ४५ दिवसांचे टाइमटेबल लागले. तत्त्वज्ञानात प्लेटोने लिहिलेली सॉक्रेटिसाच्या खटल्याची हकिगत आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’. धर्मविचारात ‘ज्ञानेश्वरी’ आणि फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. साहित्यात ‘बनगरवाडी’ आणि ‘श्यामची आई’. एक इंग्रज पाद्री गोव्यात येऊन मराठी शिकतो आणि १६१६ साली ओवीत ख्रिस्ताचे पुराण छापतो, हे मला तिच्याकडूनच कळले. ज्या टिळकांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले, हेही तिनेच सांगितले.

मी हिशेब केला. ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या, म्हणजे रोज २००. पहिल्या दिवशी तीस झाल्या. इथे हिंदी मुलखात वाढलेली पोर, मराठी अडखळत वाचते. ओवीतला शब्द अडला की मला विचारी, आणि मलाही येत नसे! मग रात्री गावी आजीला फोन. आजी चौथी शिकलेली, पण तिला बारावा अध्याय पाठ. आजी-नातीचे एवढे बोलणे याआधी कधी झाले नव्हते.

मित्रहो, आपण जाणताच की रूळ तापला की लांबतो. जुन्या जोडाच्या लाइनीवर आपण दोन रुळांमध्ये फट ठेवतो. फट नसेल तर मे महिन्यात लाइन आडवी वाकते. पोरीच्या टाइमटेबलात फटच नव्हती. बाराव्या दिवशी ती रडकुंडीला आली. मी म्हटले, “पुस्तके कमी कर, पण धरलेले पुरते वाच.” उरली तीन: सॉक्रेटिस, बनगरवाडी आणि ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय.

सॉक्रेटिस ती मला मोठ्याने वाचून दाखवी. त्यात एक जागा आली. शहाणा माणूस शोधत सॉक्रेटिस राजकारण्यांकडे जातो, कवींकडे जातो, शेवटी कारागिरांकडे. कारागिरांना आपले काम खरोखर येत असते. पण तेवढ्यावर त्यांना वाटू लागते, की बाकीच्या मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात. पोर वाचत पुढे गेली. मी मात्र तिथेच थांबलो. रूळ मला कळतात. पण पोरीने काय व्हावे, हे मी कोणत्या गेजने मोजत होतो?

नोकरीची काळजी मला अजून आहे. ती खोटी नाही, आणि मी ती तिच्यापासून लपवली नाही. तिनेही बी.एड.ची चौकशी करून ठेवली आहे. जूनमध्ये मी बी.ए.च्या फॉर्मवर सही केली. ‘गीतारहस्य’ अजून टेबलावर आहे. रात्री ड्युटीवरून आलो की चार पाने मी वाचतो. निम्मे कळत नाही, तेव्हा तिला विचारतो.

आपल्या मंडळाच्या कपाटात मराठी पुस्तके कुलपात पडून आहेत. पुढच्या उन्हाळ्यात ती मुलांच्या हाती द्यावीत, आणि आई-बापांनी शेजारी बसावे, एवढीच माझी सूचना आहे.

बोलण्यात काही चुकले असल्यास क्षमस्व. गणपती बाप्पा मोरया!