घर घेण्यापूर्वी वकिलाकडे जा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासावर बोलावे अशी रीत आहे. मी आज घराच्या कागदांवर बोलणार आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही, साधा बी. ए. बी. एड. शिक्षक आहे. परंतु या विषयाची फी माझ्या घराने भरलेली आहे, म्हणून संचालक मंडळाकडून मी हा विषय मागून घेतला.

2004 साली माझ्या अब्बांनी तालुक्याच्या गावी एक जुने कौलारू घर विकत घेतले. अब्बा एस. टी. त कंडक्टर होते. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले पैसे आणि अम्मीचे दागिने मिळून 3 लाख 40 हजार रुपये उभे राहिले. विकणारे दोघे भाऊ होते, मशिदीत रोज भेटणारे, ओळखीचे. मिळकत पत्रिकेवर दोघांचीच नावे होती. खरेदीखत रीतसर नोंदले गेले. कोणीतरी म्हणाले, एकदा वकिलाला दाखवा. अब्बा म्हणाले, "ओळखीच्या माणसाचे कागद वकिलाला दाखवायचे म्हणजे त्याचा अपमान. आणि दोन हजार फी कशाला?"

2009 साली एक बाई आपल्या मुलासह दारात आल्या. त्या त्या दोघा भावांच्या सख्ख्या बहीण होत्या. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद करताना भावांनी त्यांचे नाव घातलेच नव्हते. आता हिशेब पाहा. आपल्या शरीअतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळतो. दोन मुलगे व एक मुलगी, दुसरा वारस नाही, म्हणजे मिळकतीचे पाच भाग. भावांचे दोन-दोन, बहिणीचा एक. भाऊ आपले चार भाग विकू शकत होते. पाचवा त्यांचा नव्हताच, मग तो ते विकणार कसे? सरकारी दप्तरातील नोंद ही महसुलासाठी असते. तिच्यामुळे कोणी मालक होत नाही आणि नाव नसल्यामुळे कोणाची मालकी जातही नाही.

त्या बाईंचा मला कधी राग आला नाही. हक्क त्यांचा होता. सूरह निसाने दिलेला होता. भावांकडचे पैसे मात्र संपले होते. घराची किंमत तोवर साडेसात लाखांवर गेली होती. अब्बांनी पतसंस्थेतून दीड लाख कर्ज काढले, बाईंना दिले आणि त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेतले. मी त्या वर्षी बारावी सायन्सला होतो. पुढे इंजिनिअरिंगला जायचे ठरले होते. ते राहिले. शिक्षक झालो याचे मला दुःख नाही, परंतु दोन हजार वाचविण्याची किंमत काय पडते ती आपणांस कळावी म्हणून सांगितले.

वकिलाने काय केले असते? त्याने पहिला प्रश्न विचारला असता, "मूळ मालक वारले कधी, आणि मागे कोण कोण राहिले?" आपल्या समाजात हा प्रश्न फार मोलाचा आहे. मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क देणारे एकत्र कुटुंब नाही. माणूस ज्या क्षणी वारतो त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. विधवेचा, आईचा, मुलींचाही. म्हणून विकणाऱ्या घरातील बहिणी कोठे दिल्या आहेत याची चौकशी करा आणि सर्वांच्या सह्या घ्या. कुवेतला असलेल्या भावाचे कुलमुखत्यारपत्र असेल, तर ते खरे आहे काय, त्यात विक्रीचा अधिकार दिला आहे काय आणि तो भाऊ आज हयात आहे काय हेही पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट अज्ञान मुलांची. नवरा वारला, पदरात लहान मुले, म्हणून आई घर विकते. तिची गरज खरी असते. परंतु आपल्या कायद्यात मुलांच्या स्थावर मिळकतीचा पालक प्रथम बाप आणि मग आजोबा, अथवा त्यांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस. आई आपोआप त्या मिळकतीची पालक होत नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1918 सालीच हे ठरविले. म्हणून मुलांच्या हिश्श्यापुरती अशी विक्री टिकत नाही. 1890 च्या पालक कायद्याखाली आईने न्यायालयाकडून नेमणूक व विक्रीची परवानगी घ्यावी लागते. वेळ लागतो, हे खरे. पण त्या परवानगीवाचून घेतलेले घर म्हणजे यतीमांचे घर.

तिसरी, वक्फ. कबरस्तान, दर्गा वा मशीद यांना लागून असलेली जमीन स्वस्त मिळाली तर आनंदू नका. 2013 च्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीची विक्रीच रद्दबातल ठरविली आहे. वकिलाला तेवढे तपासायला सांगा. तोंडी हिबाचेही तसेच. तोंडी हिबा आपल्यात वैध आहे, पण देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले आणि ताबा दिला, या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. "चाचांनी मला तोंडी दिले होते" एवढ्यावर पैसे मोजू नयेत.

मुंबईकडे खोली घेणाऱ्यांसाठी एक शब्द. शंभर वा पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे खोली आपली झाली असे पुष्कळजण समजतात. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट सांगितले आहे. नवीन इमारतीत बिल्डरने नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागितली, तर ते 2016 च्या रेरा कायद्याच्या विरुद्ध आहे.

आता वकील निवडायचा कसा? मुंबईत सॉलिसिटर हा शब्द चालतो, त्यांची वेगळी परीक्षाही आहे. आपल्याकडे दिवाणी काम करणारा वकील हाच सॉलिसिटर. तो आपला असावा. विकणाऱ्याचा, बिल्डरचा अथवा दलालाने आणलेला नको. बँक कर्ज देते म्हणजे कागद स्वच्छ, असेही मानू नका. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाही ते पाहतो. नोंदणी कचेरीच्या बाहेर बसून खते लिहून देणारे सगळेच काही वकील नव्हेत. सनद आहे काय ते विचारायला लाजू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इसार देण्यापूर्वी जा. इसार दिल्यावर वकिलाला हाती राहते ती फक्त दुरुस्ती. त्याच्याकडून दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध करून घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, मूळ खते समोर पाहा आणि त्याचा अभिप्राय सहीनिशी लेखी मागा. तोंडी "ठीक आहे" ला अर्थ नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र व सोसायटीचा ना-हरकत दाखलाही तो पाहील. खरेदीखतावर सह्या झाल्या की चार महिन्यांत नोंदणीसाठी हजर केले पाहिजे.

भगिनींना एक सांगतो. 1987 च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. आपले नाव वारसांतून गाळले गेले असेल तर जिल्हा न्यायालयात विधिसेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तेथे जावे. त्या बाईंना हे ठाऊक असते, तर त्यांना पाच वर्षे थांबावे लागले नसते आणि आमचे घरही वाचले असते.

विद्यार्थी मित्रांनो, दहावीला आपण अपूर्णांक शिकतच आलेले असता. या सुटीत आपल्या आजोबांच्या घराचे वारस लिहा आणि हिस्से काढून पाहा. आत्यांना विसरू नका. कागद समजत नसतील तर शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आणा. सल्ला वकीलच देईल, पण कोणाची सही राहिली आहे एवढे मला आता ओळखता येते. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.