भाड्यामागचे दुसरे भाडे

(तेल्हारा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी भाडेकरूंचा प्रश्न असतो काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. चाळी मुंबईच्या आणि भाडेकरूंचे लढेही मुंबईचे, अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु बदलून आलेला शिक्षक, शिक्षणासाठी खेड्यातून आलेली मुले, दुकानातला नोकर, शेती सुटल्यामुळे गावात आलेला मजूर, हे सारे कोणाच्या तरी खोलीत भाड्यानेच राहतात. यांतल्या अनेकांना दरमहा दोन भाडी द्यावी लागतात. एक ठरलेले असते. दुसरे विजेच्या व पाण्याच्या नावाने, घरमालक सांगेल तेवढे.

हा अन्याय हिशेबानेच पाहिला पाहिजे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. 100 युनिटांपर्यंत सर्वांत कमी, 101 ते 300 पर्यंत त्याहून अधिक, 301 ते 500 पर्यंत आणखी अधिक. थोडी वीज वापरणाऱ्याला ती स्वस्त मिळावी, हा त्यामागचा विचार. आता एका वाड्यात पाच बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचा वापर महिन्याला 80 युनिटे आहे, असे धरा. पाच मीटर असते तर पाचही कुटुंबे पहिल्याच टप्प्यात राहिली असती. परंतु मीटर एकच, मालकाच्या नावाचा. त्यावर 400 युनिटे पडतात. त्यांतली 100 तेवढी स्वस्त, 200 दुसऱ्या दराने, उरलेली 100 तिसऱ्या दराने. स्थिर आकार पाच वेळांऐवजी एकदाच लागतो हे खरे. पण तेवढ्या बचतीने चढ्या दराचा बोजा भरून निघत नाही. गरिबांसाठी ठेवलेली सवलत अशी वाड्याच्या उंबरठ्यावरच संपते.

पाण्याची गोष्ट याहून कठीण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी तोंडी लावण्याजोगे नसते. या भागाची भिस्त वारी भैरवगडच्या वान धरणावर आहे. ज्याला दुसरा पाणवठाच नाही, तो नळाची तोटी ज्याच्या हाती आहे त्याच्याशी घासाघीस कशी करणार?

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाही. अमेरिकेत फिरत्या घरांच्या वसाहती आहेत. तेथे घर रहिवाशाचे असते आणि जागा मालकाची. एका मुख्य मीटरवरून वीज घेऊन मालक ती घरोघर पुरवीत. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने असा दंडक घातला की, वीज कंपनीने थेट पुरवठा केला असता जो दर लागला असता, त्याहून अधिक आकारणी रहिवाशाकडून करता येणार नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मान्य झाले, ते येथे मागणे अतिरेकी कसे ठरेल?

येथेही कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे वीज-पाणी तोडता येत नाही. कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 43 ने वीजजोडणी मागण्याचा हक्क मालकाप्रमाणेच जागेत राहणाऱ्यालाही दिला. मालक ना-हरकत पत्र देत नाही, एवढ्या कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केले.

तरीही भाडेकरू अर्ज करीत नाही. अर्ज केला तर पुढच्या महिन्यात खोली राहील की नाही, याची त्याला धास्ती असते. हक्क कागदावर आहे आणि भीती घरात आहे. एकट्याने ही भीती जात नाही. दहा भाडेकरूंचे अर्ज एकाच दिवशी गेले तर ती कमी होते.

घरमालक हा सरसकट शत्रू समजू नये. एखादी विधवा दोन खोल्यांच्या भाड्यावर संसार चालवीत असते. तिने खरा खर्च वसूल करावा, यात गैर काहीच नाही. आग्रह इतकाच की बिल भाडेकरूला दाखवावे, वाटणी वापराप्रमाणे व्हावी, दिलेल्या पैशाची पावती मिळावी, आणि शक्य तेथे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर असावा. कार्यकर्त्यांनी गल्लीगल्लीत बसून ही बिले वाचून दाखवावीत, अर्ज लिहून द्यावेत आणि जोडणी होईपर्यंत अर्जदाराच्या पाठीशी उभे राहावे. समतेचा विचार वीजबिलाच्या आकड्यांतूनही समजावून सांगता येतो, आणि ज्याच्या खिशातून ते पैसे जातात त्याला तो लवकर पटतो.