माझं गाणं, माझं रूप

मैत्रिणींनो, कुणी कामं उरकून रेडिओजवळ बसल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज एका गायिकेची गोष्ट सांगते. ती आहे अमेरिकेतली, पण तिचं लहानपण आपल्याच वाडीवरचं वाटेल.

तिचं नाव डॉली पार्टन. जन्म १९४६ चा, टेनेसी राज्यातल्या डोंगराळ भागातला. घर लहान आणि भावंडं बारा. वडील तंबाखूची शेती करायचे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉली जन्मली तेव्हा डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते. त्यांना मक्याच्या पिठाची पिशवी दिली.

१९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती गाण्यासाठी नॅशव्हिल शहरात गेली. तिला भडक लाली, उंच टाचा, सोनेरी केसांचे मोठे टोप आवडायचे. लहानपणी अशी नटलेली एक बाई तिनं गावात पाहिली होती. लोक त्या बाईला नावं ठेवायचे, डॉलीला मात्र ती सुंदर वाटायची. शहरातल्या जाणत्या माणसांनी बजावलं, "साधी राहा, नाहीतर गायिका म्हणून तुला कुणी मानणार नाही." तिनं मानलं नाही. लोक हसण्याआधी तीच स्वतःवर विनोद करायची. कसं दिसायचं, हे तिचं तिनं ठरवलं.

पण बायांनो, नुसतं नटून कुणी स्वतःची मालकीण होत नाही. डॉली स्वतः गाणी लिहायची. ज्याच्याकडे गाण्याचा हक्क, त्याला ते गाणं कुणीही गायलं तरी पैसे मिळतात. हे ओळखून तिनं तरुणपणीच मामाबरोबर स्वतःची प्रकाशन कंपनी काढली होती.

१९७४ मध्ये तिचं एक गाणं गाजलं. त्या काळचा सगळ्यात मोठा गायक एल्विस प्रेस्ली याला ते गायचं होतं. डॉलीला केवढा आनंद झाला! पण रेकॉर्डिंगच्या तोंडावर त्याच्या मॅनेजरनं अट घातली : गाण्याचा अर्धा हक्क आम्हाला द्या. डॉली नाही म्हणाली. त्या रात्री ती खूप रडली. लोकांनी तिला वेडी ठरवलं. एल्विसनं ते गाणं कधीच रेकॉर्ड केलं नाही.

पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं एका सिनेमासाठी गायलं आणि ते जगभर वाजलं. हक्क डॉलीकडेच होता, म्हणून पैसाही तिच्याकडे आला. वडिलांच्या निरक्षरतेची आठवण ठेवून तिनं १९९५ पासून लहान मुलांना घरपोच मोफत पुस्तकं द्यायला सुरुवात केली.

आता आपल्याकडे बघा. आमच्या गटाच्या चटणीचं एका व्यापाऱ्यानं कौतुक केलं. "माल तुमचा, पुडीवर नाव माझं," म्हणाला. मोठी ऑर्डर होती, दोघी-तिघी तयारही झाल्या. मग आमच्या एका आजींनी विचारलं, "उद्या त्यानं दुसरीकडून चटणी घेतली, तर आपल्याला कोण ओळखणार?" आम्ही नाही म्हणालो. ऑर्डर गेली, वाईट वाटलं. पण पुडीवर आजही गटाचंच नाव आहे.

तेव्हा सही किंवा अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर गटातल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. नाव कुणाचं आणि हिस्सा किती, एवढं विचारायला लाजू नका.

पुन्हा भेटूच. नमस्कार.